दिल्ली: आईला घेऊन इंदिराबाईंचं घर बघायचंय, गुडघ्यांचं काय?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मडगावहून राजधानीने दिल्ली, दोन दिवस मुक्काम आणि पुढे हरिद्वार. आई ७६ वर्षांची, गुडघे कुरकुरतात, पण हट्ट एकच, इंदिराबाईंचं घर, म्हणजे इंदिरा गांधींचं, आता संग्रहालय केलंय ते. लाल किल्ला नको, कुतुबमिनार तर नकोच. ८३ साली इंदिराबाईंच्या काळात राष्ट्रकुलचे सगळे पुढारी आपल्या गोव्यात आग्वादला उतरले होते ना, तेव्हा रस्ते कसे रातोरात गुळगुळीत केले ते अजून रंगवून सांगते. तर इंदिराबाईंच्या घरी चालावं किती लागतं? आणि त्याच दिवशी तीन मूर्ती, म्हणजे नेहरूंचं घर, होईल का?

केपेची बाय
आधी वार बघ रे. सोमवारी बंद असतं, आम्ही नेमके सोमवारीच गेलो आणि गेटवरून परत 🙂 दुसऱ्या दिवशी परत रिक्षा. मेट्रोने लोक कल्याण मार्गला उतरायचं, पण आई आहे तर सरळ टॅक्सी कर.

१, सफदरजंग रोड. पंतप्रधानांचं घर म्हणून काहीतरी भव्य डोक्यात असेल तर ते काढून टाक, साधा बैठा बंगला आहे. पुढच्या खोल्यांत फोटो आणि पेपरांची कात्रणं, मग त्यांची अभ्यासिका, जेवणाची खोली, सगळं काचेतून बघायचं. हत्येच्या दिवशी नेसलेली केशरी साडी पण आहे, गोळ्यांची भोकं दिसतात, तिथे गर्दी एकदम गप्प होते. पुढे राजीवजींचे श्रीपेरुंबुदूरला स्फोटात गेले तेव्हाचे कपडे, माझ्या सासूबाई तिथून बघवेना म्हणून पुढे निघून गेल्या.

शेवटी बागेतली ती वाट. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिराबाई शेजारच्या अकबर रोडवरच्या ऑफिसकडे चालत निघाल्या होत्या, ब्रिटिश नट पीटर उस्तिनोव मुलाखतीसाठी थांबला होता. सगळ्या वाटेवर लाटालाटांची काच घातलीय, वाहत्या पाण्यासारखी दिसते, आणि त्या पडल्या तेवढ्याच जागी काच सपाट, आरपार दिसणारी. खाली डाग. आत बसायला कुठे मिळालं नाही, बाहेर आल्यावर कट्ट्यावर टेकलो.

मांडवीकाठ
तीन मूर्ती कशाला? ज्यांनी गोव्याला ४७ पासून ६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या हाताखाली ताटकळत ठेवलं त्यांचं घर बघायला वर तिकीट पण काढायचं 😀

रिटायर्ड मास्तर
मांडवीकाठ, तुमचा राग आमच्या वडिलांनाही होता, पण घर बघण्यासारखं आहे हो. मूळचा इंग्रजांच्या सरसेनापतीचा बंगला, १९३० चा. नेहरू २७ मे १९६४ ला तिथेच वारले. त्यांची झोपायची खोली बघा, एवढ्या अवाढव्य वाड्यात ती केवढी साधी. २०२२ पासून आवारात सगळ्या पंतप्रधानांचं नवं संग्रहालय झालंय, तिथे मात्र पायांचे तुकडे पडतात. डिचोलीकर, आईंना एका दिवसात दोन्ही नको.

आणि इंदिराबाईंचं म्हणाल तर ६७ चा जनमत कौल त्यांच्याच काळातला, गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा यावरचा. आमचं घर फुलवालं, म्हणजे विलीनीकरणवालं, शेजारचं दोन पानांचं, वेगळ्या गोव्याचं. ३४ हजारांनी पानं जिंकली आणि वडील दोन दिवस धड जेवले नाहीत. तरी ८४ ला रेडिओवर बातमी आली तेव्हा तेच माजघरात रडत होते.

मांडवीकाठ
मास्तर, आमच्याकडे पण फूलच! पण आपल्या भाऊंची, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकरांची, मिरामारला समाधी, तिथे संध्याकाळी भेळ खायला जातो आपण, हे पण लिहा की.

रिटायर्ड मास्तर
लिहिलंत ना तुम्ही.

डिचोलीकर
देव बरें करूं सगळ्यांचं. मग मंगळवारी सकाळी लवकर फक्त सफदरजंग रोड, तीन मूर्ती रद्द. साडीचं आईला आधीच सांगून ठेवलं, तर म्हणते, मला माहीत आहे, मी तेवढ्यासाठीच चाललेय. आता विचारतेय चप्पल बाहेर काढावी लागते का.

केपेची बाय
नाही गो म्हणावं. पण पायमोजे घाल म्हणावं, दिल्लीच्या थंडीत गुडघे आणखी धरतात.