मदत हवी आहे: ओव्हरक्लॉक केलेल्या ८७००के साठी कूलर कोणता, हवेचा की पाण्याचा?

नमस्कार मंडळी,

इंटेल कोअर आय७-८७००के प्रोसेसर आहे, सहाही कोअर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे मूळ वेगापेक्षा वर नेऊन, ५ गिगाहर्ट्झवर लावलेत, आणि सध्या त्याच्याइतकंच माझंही डोकं तापलंय.

या प्रोसेसरबरोबर कूलर येत नाही. त्यामुळे हाताशी होता तो चार हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), एका १२० मिमी पंख्याचा टॉवर, म्हणजे उभा हवेचा कूलर, बसवला होता. मूळ वेगावर काहीच तक्रार नव्हती. आता गेम खेळताना ७८-८० अंश दिसतं, ते चालवून घेतो. पण व्हिडिओ रेंडरला लावला की दहा मिनिटांत ९८! खोलीत २८ आहे. शंभरला चिप आपणहून वेग उतरवते, म्हणजे एवढा खटाटोप करून मिळवलेलं सगळं तिथेच परत. शिवाय पंखा असा किंचाळतो की परवा बाहेरून हाक आली, "मिक्सर किती वेळ चालू ठेवणार आहेस?"

दोन पर्याय डोक्यात आहेत. पहिला नॉक्टुआ एनएच-डी१५, दोन टॉवर आणि दोन पंख्यांचा हवेचा कूलर. कॅबिनेटमध्ये १७० मिमी उंचीपर्यंतचा कूलर मावतो, हा १६५ चा, म्हणून ऑर्डर करायलाच बसलो होतो. मग सहज पट्टी घेऊन रॅम मोजली. वरच्या त्या शोभेच्या दातऱ्यांसकट ४४ मिमी. डी१५ ला दोन्ही पंखे लावले तर पुढच्या पंख्याखाली रॅमला जागा मिळते ३२ मिमी. पंखा १२ मिमी वर सरकवायचा म्हटलं तर एकूण उंची १७७, आणि बाजूचं झाकण लागणार नाही.

दुसरा २४० मिमीचा एआयओ, म्हणजे पंप, नळ्या सगळं जोडूनच येणारा पाण्याचा कूलर. रॅमची कटकट नाही, पण पेटीत पाणी खेळवायची मला मनातून धास्ती आहे. शिवाय पंप बंद पडला तर?

यातलं काय घेऊ? आणि फरक खरंच पडेल ना?

प्रतिसाद १

कूलर घेण्याआधी एक सांगा, व्होल्टेज किती आहे? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ऑटोवर सोडलंय का? मदरबोर्ड ऑटोमध्ये सढळ हाताने व्होल्टेज देतात.

आणि लोड, म्हणजे रेंडरसारखं जड काम, सुरू केल्यावर तापमान कसं चढतं ते बघा. पहिल्या सेकंदातच उडी मारत असेल तर अडचण चिप आणि कूलर यांच्या मधे कुठेतरी आहे. हळूहळू चढत असेल तर कूलरला किंवा कॅबिनेटला उष्णता बाहेर टाकणं जमत नाहीये.

प्रतिसाद २

८७००के च्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर नाही, थर्मल पेस्ट आहे. म्हणून डीलिड करणारे, म्हणजे ते झाकण उघडून आतली पेस्ट बदलणारे, एवढे निघाले होते. कूलर कितीही मोठा बसवा, उष्णतेला आधी त्या पेस्टमधून वाट काढावी लागते. डीलिड करा असं मी म्हणणार नाही, हात घसरला की प्रोसेसर गेला. पण ५ गिगाहर्ट्झचा हट्ट थोडा सैल करा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे व्होल्टेजचा मार जास्त.

बाजूचं झाकण काढूनही एकदा रेंडर लावून बघा. आकडा दणकन उतरला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे.

धागाकर्ता

करून बघितलं. पहिल्याच सेकंदात ४१ वरून ७९, मग सावकाश ९८ पर्यंत. म्हणजे दोन्ही आजार थोडे थोडे. झाकण उघडून जेमतेम ३ अंश उतरले.

व्होल्टेजचं मात्र बरोबर ओळखलंत. ऑटोच होतं आणि लोडखाली १.४०! लाज वाटली. रात्री बसून ४.८ गिगाहर्ट्झ आणि १.२८ व्होल्टवर आणलं. १.२७ ला रेंडर अर्ध्यात कोसळला, १.२८ वर चार तास गुण्यागोविंदाने चालला. कमाल ८४. कागदावर मांडलं तर उष्णता साधारण २० टक्के कमी व्हायला हवी, आणि खोलीच्या वर ७० अंश होते त्याचे ५६ झाले. गणित जुळलं.

आता प्रश्न फक्त आवाजाचा उरलाय. पंखा अजून तसाच ओरडतो.

प्रतिसाद ३

मग डी१५ च घ्या, फक्त पुढचा पंखा काढून ठेवा. दोन टॉवरच्या मधला एकच लावला तर खाली ६४ मिमी जागा मिळते, तुमची ४४ ची रॅम आरामात बसेल. १४० मिमीचा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा ढकलतो.

एआयओ वाईट नाही, माझ्याकडे आहे. पण त्यात पंपाचा आवाज वेगळा असतो, वर्षानुवर्षं नळ्यांतून थोडं थोडं द्रव उडून जातं, आणि ते सहसा पुन्हा भरताही येत नाही. घेतलाच तर पंप हा पाण्याच्या लूपमधला (फिरण्याच्या मार्गातला) सर्वांत उंच भाग होऊ देऊ नका, हवेचे बुडबुडे तिथेच गोळा होऊन गुरगुरतात.

बसवताना स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे पिळा. एक बाजू आधी पूर्ण आवळलीत तर पेस्ट एकीकडे जमते आणि दोन कोअर उगाच तापलेले दिसतात.

धागाकर्ता

मधला एकच पंखा हे डोक्यातच आलं नव्हतं. डी१५ मागवतोय. दोन्ही पंख्यांसह १३२० ग्रॅम वजन वाचून जरा दचकलोय, मशीन कुठे हलवायचं झालं तर कूलर आधी काढावा लागेल ना?

प्रतिसाद ३

गाडीतून न्यायचं असेल तर काढाच. टेबलावरून टेबलावर उचलून ठेवायला काही होत नाही.