शब्दचर्चा : केबलची ढील, सांध्याचा प्ले

दांडियाबाजारकर : इथे वडोदऱ्यात एका शेडमध्ये आम्ही काही जण मिळून दोन आसनी हलकं विमान बांधतोय. रडरला (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला) केबल, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आणि एलिव्हेटरला (शेपटीच्या आडव्या झडपेला) पुशरॉड, म्हणजे ढकलदांडा. तपासणीची नोंदवही मराठीत ठेवायची आहे. मूळ सूचनांमध्ये ‘स्लॅक’ (केबलला पुरेसा ताण नसणं), ‘प्ले’ (सांध्यातली मोकळी हालचाल) आणि ‘सॅग’ (केबल मध्येच खाली लोंबणं) असे तीन शब्द येतात. आमच्या बोलण्यात मात्र तिन्हीला सरसकट ‘ढिलं’. ‘ढिलाई’ या एकाच शब्दावर भागवावं का?

लेथवाले काका : नको. शब्द एक झाला की उपायही एकच सुचतो, आणि इथे उपाय वेगवेगळे आहेत. केबल ढिली असेल तर टर्नबकल, म्हणजे केबल ताणायचा आट्यांचा जोड, आवळायचा. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणून मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत येतात. नळीबाहेर कुठल्याही टोकाला तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, मग तो फिरू नये म्हणून लॉकवायर, म्हणजे तारेने बांधायचा. पण बेलक्रँकमध्ये (ओढीची दिशा बदलणाऱ्या तरफेत) बोल्टचं भोकच झिजलं असेल तर टर्नबकल आवळून काय होणार? पुलीवर भार वाढेल, पॅडल जड होईल आणि झीज आहे तिथेच राहील. तिथे बुश (भोकात बसवलेली नळी) बदलायचा. पुशरॉडला तर टर्नबकल नसतोच, तिथे जे काही हलतं ते टोकाच्या बेअरिंगमध्ये किंवा बोल्टमध्ये. एलेरॉनच्या सांध्यात असं काही राहिलं तर वेगात ते फडफडायला लागू शकतं, आणि ती फडफड विमान मोडण्यापर्यंत जाते. वहीत नुसतं ‘ढिलाई आढळली’ असं असेल तर पुढचा माणूस पाना घेऊन टर्नबकलकडेच जाणार.

मराठीच्या बाई : काकांचा मुद्दा भाषेलाही धरून आहे. ढील दोराला असते. उत्तरायणात गच्चीवरून आपण मांजाला ढील देतो, आणि हा शब्द गुजराती फिटरलाही समजावून सांगावा लागत नाही. खाचेत किंवा भोकात नीट न बसणारी वस्तू ‘सैल’. म्हणून केबलला ढील, सांध्याला सैलपणा. ‘सॅग’ला खरा शब्द ‘झोल’, दोन आधारांमध्ये दोरी खाली येते तो. पण ‘यात झोल आहे’ हे हल्ली लबाडीसाठी इतकं रुळलंय की तपासणीच्या वहीत मी तो लिहिणार नाही. ‘केबल मध्ये लोंबते’ असं सरळ लिहा.

दांडियाबाजारकर : ‘सैलपणा’वर शंका आहे. आपण ‘स्क्रू ढिला’ही म्हणतो आणि ‘स्क्रू सैल’ही. शेडमध्ये हा फरक टिकेल?

मराठीच्या बाई : बोलण्यात टिकणार नाही, खरं आहे. मग सांध्यासाठी ‘प्ले’च ठेवा. कारखान्यात तो मुरलेला आहे. याच शहरात 1890 साली कलाभवन सुरू झालं ते तंत्रशिक्षण आपल्या भाषांतून द्यायला. कारागिराला कळणारा शब्द वापरणं मला त्याच वाटेवरचं वाटतं.

लेथवाले काका : एक भर. ‘ढील’ लिहाल तिथे शेडचं तापमानही लिहा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि केबल साध्या पोलादाची असेल, तर चार मीटर लांबीत 30 अंशांच्या फरकाला सुमारे 1.3 मिलिमीटरचा फरक पडतो. मे महिन्यातल्या दुपारी बरोबर ताणलेली केबल जानेवारीच्या पहाटे ढिली लागेल. तो बिघाड नव्हे.

दांडियाबाजारकर : आमचा सांगाडा ॲल्युमिनियमचाच आहे. वहीत रकाने असे करतो : केबलची ढील (ताण, तापमान), केबल कुठे लोंबते, सांध्यातला प्ले (कुठला बोल्ट, कुठलं बुश). ‘ढिलाई’ हा शब्द वहीतून बाद.