अजिंठ्याच्या डोंगररांगेत दोन दिवसांची मोटारसायकल भटकंती: परतीच्या पावसानंतर कच्च्या वाटा कधी धराव्यात?

जालनेकर:

नमस्कार मंडळी. दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एखाद्या शनिवार-रविवारी अजिंठ्याच्या डोंगररांगेत मोटारसायकलवर फिरण्याचा बेत मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र आखत आहोत. माझ्याकडे एक्सपल्स 200 आहे, मित्राकडे 411 सीसीची हिमालयन आहे. डांबरी रस्त्यावरच्या लांब प्रवासाची दोघांनाही सवय आहे. मात्र मित्राने कच्च्या वाटेवर गाडी फारशी चालवलेली नाही.

पहिल्या दिवशी सिल्लोडहून अंभईमार्गे जंजाळा गाठायचे, तिथला किल्ला आणि घटोत्कच लेणी पाहायची, मग उंडणगाव, हळदा घाट, वेताळवाडीचा किल्ला आणि सोयगाव असे करीत फर्दापूरला मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी बनोटी, नागद या बाजूने गौताळ्यातून कन्नडला चढून परतायचे, असा ढोबळ मार्ग ठरला आहे. शक्य तिथे डांबर सोडून शिवारातल्या गाडीवाटा आणि डोंगरकडेचे मुरमाड रस्ते धरावेत, अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण जमिनीची आहे. परतीचा पाऊस अजून रेंगाळतो आहे. उघडीप मिळाल्यावर किती दिवसांनी या वाटा चालवण्याजोग्या होतात, टायर बदलून घ्यावेत का, आणि वनविभागाच्या हद्दीत कोणती पथ्ये पाळावीत, हे जाणकारांनी सांगावे.

सोयगावकर:

मार्ग उत्तम निवडला आहे. तुमच्या वाटेवर दोन अगदी वेगळ्या जमिनी लागतात आणि दोन्हींना एकच हिशोब लावता येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. घाटमाथ्यावर, म्हणजे अंभई, जंजाळा, हळदा या पट्ट्यात डोंगराच्या कडेला मातीचा थर पातळ आहे. त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा खडक. पाणी उताराने निघून जाते, म्हणून पाऊस थांबल्यावर एखादे चांगले ऊन पडले की तिथली वाट गाडी पेलते. घाट उतरून सोयगावच्या बाजूला आलात की मात्र कापसाची खोल काळी जमीन सुरू होते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि ते सहजासहजी सोडत नाही. वरून सुकलेली दिसली तरी बोटभर खाली ओलच असते, आणि चाक त्या ओलीतच रुतते. म्हणून पहिल्या दिवशी माथ्यावर हवे तितके आडवाटेला शिरा, दुसऱ्या दिवशी खालच्या पट्ट्यात डांबर सोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

गौताळा औट्रमघाट हे 1986 साली घोषित झालेले अभयारण्य आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीने, ठरलेल्या रस्त्यानेच जावे. आत फुटणाऱ्या पायवाटांवर गाडी घालणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौकटीत बसत नाही, आणि बसले असते तरी ते करू नये. किल्ल्यांच्या बाबतीतही हेच. वेताळवाडीचा किल्ला हळदा घाटाच्या रस्त्याला लागूनच उभा आहे, पण गाडी रस्त्याकडेला लावूनच वर चढावे. तटबंदीपर्यंत किंवा पायऱ्यांवर गाडी चढवून छायाचित्रे काढण्याची जी पद्धत अलीकडे पडत चालली आहे, तिचे मला फार वाईट वाटते.

बालाघाटचा शेतकरी:

मी बीड जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे पाटोदा, मांजरसुंबा या भागातही माथ्यावर मुरूम आणि खोऱ्यात काळी जमीन अशीच रचना आहे, म्हणून लिहितो. किती दिवसांनी जावे याचे उत्तर दिनदर्शिकेत मिळणार नाही; ते शेतकऱ्याला विचारावे, आणि विचारायचे एवढेच की रानात वापसा (म्हणजे औत चालेल इतपत ओल ओसरणे) आला का. ज्या रानात औत चालते, त्या रानाच्या वाटेवर मोटारसायकलही चालते. विचारायला कोणी नसेल, तर वाटेच्या कडेची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटला तर पुढे जा. न फुटता चपटा होऊन बसला, तर तिथूनच गाडी वळवा.

वाट पूर्ण वाळल्यावर दुसरा धोका उभा राहतो. ओलीत ट्रॅक्टर गेल्याने पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक होतात. पुढचे चाक अशा चाकोरीत उतरले आणि तुम्ही ते तिरके करून बाहेर काढू लागलात, की मागचे चाक आतच राहते आणि गाडी आडवी होते. चाकोरीत शिरलात तर तिच्यातूनच सावकाश, नजर लांब ठेवून, जिथे तिची कड ढासळलेली असेल तिथपर्यंत जावे आणि तिथून बाहेर पडावे.

तुम्ही म्हणता ते दिवस सोयाबीनच्या मळणीचे आणि कापूस वेचणीचे आहेत. पाणंद रस्त्यावर मळणी यंत्र उभे असेल, तर इंजिन बंद करून थांबावे. माणसे स्वतःहून वाट करून देतात. डांबरी रस्त्यावर पसरलेल्या सोयाबीनवरून गाडी नेऊ नये. एक तर तो कोणाच्या तरी वर्षाचा माल असतो, आणि दुसरे म्हणजे चाकाखाली दाणे गोल फिरून गाडी घसरते. दिवस मावळण्याच्या आत मुक्काम गाठावा, कारण संध्याकाळी रोही (नीलगायी) आणि रानडुकरे वाटा ओलांडू लागतात.

अंबाजोगाईचा मिस्त्री:

टायरविषयी लिहितो. कोरड्या मुरमासाठी दोन्ही गाड्यांचे मूळ टायर पुरेसे आहेत, फक्त त्यांची नक्षी झिजलेली नसावी. या कामासाठी नवे टायर घेण्याचा खर्च मी सुचवणार नाही. कच्च्या वाटेवर शिरण्यापूर्वी हवा 20 पीएसआयच्या आसपास आणावी. त्याहून फार खाली जाऊ नये; दोन्ही गाड्यांना ट्यूबचे टायर आहेत, आणि हवा कमी असताना दगडावर आपटले तर रिम व दगड यांच्यात ट्यूब चिमटून फाटते. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरावी, म्हणून पायपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत हवाच.

बांधावर टाकलेल्या बोरी-बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर होणार हे धरूनच निघावे. पुढच्या 21 इंची चाकाची ट्यूब खेड्यातल्या दुकानात मिळत नाही, तेव्हा ती घरून न्यावी. अडीअडचणीला हीच ट्यूब किंचित दुमडून मागच्या चाकातही घालता येते आणि गाडी हळूहळू सिल्लोडपर्यंत आणता येते. मात्र 17 किंवा 18 इंची ट्यूब ताणून पुढच्या चाकात घालणे टिकाऊ नसते.

हिमालयनबद्दल एक खास सूचना. एक्सपल्सचा पुढचा मडगार्ड चाकापासून उंच आहे, पण हिमालयनला वरच्या चोचीसारख्या मडगार्डखेरीज चाकालगत दुसरा मडगार्ड आहे, आणि काळी माती नेमकी त्याच फटीत भरते. चाक अडकल्यावर रेस वाढवून ओढू नका, क्लच प्लेटा जळतात. इंजिन बंद करून गाडी थोडी मागे ढकलावी आणि खुरप्याने माती काढावी. एक लहान खुरपे पिशवीत ठेवलेत, तर त्याचा उपयोग पान्यापेक्षा जास्त होईल.

जालनेकर:

सर्वांचे आभार. माथ्यावर आडवाटा आणि खाली डांबर, हे आम्ही दोघांनी मान्य केले असून जाण्याचा दिवस अंभईच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारूनच ठरवू. एक राहिले: मित्र नवखा असल्याने मुरमाच्या उतारावर पुढे कोणी राहावे?

सोयगावकर:

चढावर आणि सपाटीवर तुम्ही पुढे राहा, म्हणजे वाटेचा अंदाज त्याला मिळेल. उतारावर त्याला पुढे जाऊ द्या. मागून कोणी दामटत नाही हे ठाऊक असले की नवखा माणूस घाईने पुढचा ब्रेक दाबत नाही. पहिला किंवा दुसरा गिअर ठेवून इंजिनच्या रोधानेच उतरावे आणि मागच्या ब्रेकचा हलका आधार घ्यावा. त्याची हिमालयन 2020 नंतरची असेल, तर मागच्या चाकाचे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येते. सैल मुरमावर ते बंद ठेवण्याचा उपयोग होतो. दोन गाड्यांत फुफाटा खाली बसेल इतके अंतर हवे, पण प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचे, हा नियम मोडू नका, कारण त्या भागात मोबाईलची रेंज भरवशाची नाही. जंजाळ्यात गाड्या गावातच लावा आणि लेण्यांकडची वाट पायी उतरा. किल्ल्याचे पठार विस्तीर्ण आहे, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचलात तरच दोन्ही पाहून उजेडात हळदा घाट उतरता येईल.