मदत हवी आहे: डिक्टेशनमध्ये शब्द निसटतात, तीन आठवडे उरलेत

निशिगंध
परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. बाकी सगळं ठीक आहे, फक्त लिसनिंग ५४ च्या वर जात नाही. डिक्टेशनमध्ये वाक्य पूर्ण कळतं, पण लिहायला घेतलं की मधले शब्द गायब. रोज दोन तास ऐकते. क्लास लावला होता, तिथे टेम्प्लेट पाठ करून घेण्यापलीकडे काही झालं नाही, त्यामुळे आता क्लास सुचवू नका. इंग्रजी सिनेमे बघा असंही कृपया सांगू नका, दोन महिने तेच केलं. नेमकं काय करायचं ते सांगा. लवकर.

पाणवठा
परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षांपैकी कोणती? आयेल्ट्स, पीटीई, टोफेल, ओईटी? प्रत्येकीचं लिसनिंग वेगळं असतं.

सकाळची_लोकल
मी गेल्या वर्षी आयेल्ट्स दिली, लिसनिंगला ८ बँड आला. चार भाग, एकूण ४० प्रश्न, ऑडिओ एकदाच वाजतो. पहिल्या भागात नाव, पत्ता, फोन नंबर असतो, तिथला एकही मार्क सोडू नका. 'डबल थ्री', 'ट्रिपल सेव्हन' ऐकायची सवय करा. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यात आघात कुठे पडतो ते पाहा. नकाशाच्या प्रश्नात दिशा आधी वाचून ठेवा. मला याचा फार उपयोग झाला.

मेलबर्नकर
लोकल, त्यांनी ५४ लिहिलंय. आयेल्ट्समध्ये ९ च्या वर आकडा नसतो. ही १० ते ९० वाली पीटीई असणार, आणि डिक्टेशन म्हणजे 'राइट फ्रॉम डिक्टेशन', ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप करायचं. निशिगंध, बरोबर ना?

निशिगंध
हो, पीटीई अकॅडेमिक. लिहिलं नव्हतं का? सॉरी.

मेलबर्नकर
मग आधी घड्याळाचं बोलू. लिसनिंगमध्ये सुरुवातीच्या सारांशाला, म्हणजे समराइझ स्पोकन टेक्स्टला, प्रत्येकी दहा मिनिटं स्वतंत्र मिळतात. पुढचे सगळे प्रकार एकाच घड्याळावर चालतात आणि डिक्टेशन सगळ्यात शेवटी येतं. आधीच्या, पर्याय निवडायच्या प्रश्नांवर विचार करत बसलात तर शेवटची तीन-चार वाक्यं घाईत जातात. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं. या वाक्यांचे गुण लिसनिंग आणि रायटिंग दोन्हींत जातात, म्हणून त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवा. इथे प्रत्येक बरोबर शब्दाला एक गुण आहे, चुकलेल्या शब्दाचा गुण कापत नाहीत. शंका आली तरी लिहा. हायलाइट इनकरेक्ट वर्ड्समध्ये, म्हणजे ऑडिओपेक्षा वेगळे छापलेले शब्द निवडायच्या प्रश्नात, मात्र चुकीच्या क्लिकला गुण कापतात, तिथे अंदाजाने क्लिक करू नका.

लघुलिपी
मी ३१ वर्षं स्टेनो होतो. परीक्षा परिषदेची इंग्रजी शॉर्टहँडची मिनिटाला ८० शब्दांची परीक्षा दिली, नंतर १०० ची. डिक्टेशन हा कानाचा विषय आहे तसा हाताचाही आहे. आमचे सर म्हणायचे, बोलणाऱ्याच्या दोन-तीन शब्द मागे राहा. शब्दाला शब्द जोडत धावलात तर पुढचा शब्द ऐकूच येत नाही. निशिगंधताई, रोज दहा मिनिटं नुसतं श्रुतलेखन करा. दोन तास ऐकण्यापेक्षा ते जास्त कामाला येईल.

निशिगंध
काका, इथे वाक्य तीन ते पाच सेकंदांत संपतं. दोन शब्द मागे राहीपर्यंत शांतता झालेली असते.

घाटमाथा
बातम्या ऐका. बीबीसीचं सहा मिनिटांचं इंग्लिश ऐका, त्याची लिखित प्रत मिळते. कानावर इंग्रजी पडत राहिलं की आपोआप सुधारतं. मी अमेरिकेला जाण्याआधी एवढंच केलं होतं.

मेलबर्नकर
आपोआप नाही सुधारत हो. त्या रोज दोन तास ऐकतातच आहेत. अर्थ कळला की मेंदू पुढे सरकतो, शब्द धरून ठेवत नाही. डिक्टेशनमध्ये गुण शब्दांना आहेत, अर्थाला नाहीत.

घाटमाथा
मला फायदा झाला म्हणून सांगितलं. बातम्यांत वाक्यं लांब असतात, त्यातून आवाका वाढतो. एवढं उडवून लावायचं कारण नाही.

पाणवठा
भांडू नका. निशिगंध, एखादं प्रत्यक्ष वाक्य द्या: काय बोललं गेलं आणि तुम्ही काय लिहिलंत. त्याशिवाय आम्ही सगळे अंधारात तीर मारतोय.

निशिगंध
कालची दोन देते.

बोललं गेलं: द लायब्ररी हॅज एक्स्टेंडेड इट्स ओपनिंग अवर्स ड्युरिंग द एक्झामिनेशन पीरियड.
मी लिहिलं: लायब्ररी एक्स्टेंड ओपनिंग अवर ड्युरिंग एक्झामिनेशन पीरियड.

बोललं गेलं: मेनी ऑफ द रिसोर्सेस यू नीड आर अव्हेलेबल ऑनलाइन.
मी लिहिलं: मेनी रिसोर्स यू नीड अव्हेलेबल ऑनलाइन.

पाणवठा
पहिल्यात ११ पैकी ५ शब्द बरोबर, दुसऱ्यात ९ पैकी ५. आणि काय गेलं ते बघा: द, हॅज, इट्स, ऑफ, आर, शेवटचा 'एस', शेवटचा 'ईडी'. एकही अवघड शब्द गेलेला नाही. 'एक्झामिनेशन' तुम्ही बरोबर लिहिलंत!

हे आपल्यापैकी बऱ्याच जणांचं होतं. मराठीत 'द' ला काही जागाच नाही, 'ग्रंथालयाने वेळ वाढवली' म्हटलं की वाक्य पूर्ण होतं. शिवाय आपण प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रजी बोलणारा मोठे शब्द ठासून म्हणतो आणि छोटे गिळतो. 'लायब्ररी हॅज' चं 'लायब्ररीअज' होतं, 'ऑफ द' चं 'अव्द', 'एक्स्टेंडेड इट्स' चं 'एक्स्टेंडेडिट्स'. तुम्ही 'हॅज' ची वाट बघत असता आणि 'अज' येऊन निघून जातो.

मेलबर्नकर
अगदी बरोबर. म्हणून मी पहिली अक्षरं टिपायचो. सेंटरवर खोडता येणारी वही देतात, तिच्यावर 'टी एल एच ई आय ओ एच डी टी ई पी' एवढंच. मग त्यावरून वाक्य उभं करायचं.

लघुलिपी
याला माझा विरोध आहे. अक्षरं टिपताना नजर कागदावर जाते आणि कान बंद होतो. 'टी' म्हणजे द, देअर की दीज, हे नंतर कसं ओळखणार? पाच सेकंदांचंच वाक्य असेल तर मागे राहून लिहिण्याचा माझा आधीचा सल्ला सोडा. हात बांधून पूर्ण ऐका, संपलं की तेच वाक्य त्याच चालीत ओठांतल्या ओठांत एकदा म्हणा आणि मग लिहा. चाल लक्षात राहिली की गिळलेला शब्दही जागेवर येतो.

मेलबर्नकर
काका, माझी अक्षरांनीच नौका पार झाली. पण माझं पाठांतर कच्चं आहे, हेही खरं.

सागरगोटी
बोलण्याच्या परीक्षेत घाबरायला होत असेल तर माइकमध्ये सलग बोलत राहा, तीन सेकंद गप्प बसलं की रेकॉर्डिंग बंद पडतं. रिपीट सेंटेन्सचा, म्हणजे ऐकलेलं वाक्य तसंच म्हणून दाखवण्याचा, सराव आरशासमोर करा.

पाणवठा
त्यांना बोलण्याची अडचण नाहीये. पण रिपीट सेंटेन्सचं सुचवलंत ते इथेही चालेल, काका म्हणतात तेच काम होतं.

घाटमाथा
मूळ दुखणं शाळेतलं आहे. आमच्या वेळी पाचवीत ए-बी-सी-डी सुरू व्हायची.

सकाळची_लोकल
२००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. माझी बहीण त्यात शिकली, तिचेही 'द' निसटतात. शाळेला दोष देऊन उपयोग नाही. आमच्या बाईंनी मराठीचं शुद्धलेखन रोज घेतलं, त्यावरच माझा कान तयार झाला असं मला मनापासून वाटतं.

पाणवठा
निशिगंध, एक विचारायचं राहिलं. सराव कशावर करता?

निशिगंध
फोनवर, एका ॲपमध्ये. ऑफिसला जाता-येता.

पाणवठा
म्हणजे 'अकोमोडेशन' ची पहिली चार अक्षरं टाकली की फोन बाकीचं पुरं करतो. 'गव्हर्नमेंट' मधला 'एन' गाळला तरी फोन घालून देतो. परीक्षेत यातलं काहीही नाही, मोठा कीबोर्ड आणि कोरा चौकोन. टायपिंगचा वेग किती आहे?

निशिगंध
कधी मोजला नाही. ऑफिसात माऊसचंच काम जास्त असतं. दोन बोटांनी करते.

लघुलिपी
ताई, अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. 'पीरियड' चा 'पी' शोधताना 'इट्स' डोक्यातून जातो.

पाणवठा
आता तीन आठवड्यांत असं करा. लॅपटॉपवर साधं नोटपॅड उघडा, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येत असेल तर ती सोय बंद करा. रोज वीस वाक्यं, प्रत्येक एकदाच, परीक्षेसारखी. वेग कमी करून ऐकू नका, हळू लावलं की गिळलेले शब्द मोकळे होतात आणि परीक्षेत पुन्हा तीच गत. चुकलेलं वाक्य लिखित प्रत समोर ठेवून पुन्हा ऐका, 'अज' कुठे आहे ते कानाने शोधा, आणि आपणही तसंच गिळून म्हणा. वहीत चार रकाने करा: द आणि ए, शेवटचा एस, ईडी, बाकी छोटे शब्द. निसटलेला शब्द आपल्या रकान्यात एक रेघ म्हणून जाईल. लिहून झाल्यावर क्रियापदं आणि नामं व्याकरणाने तपासा. 'मेनी' नंतर 'रिसोर्स' एकटा येऊच शकत नाही, हे तुम्हाला कळतं. याला वीस मिनिटं पुरतात. स्पर्श पद्धतीच्या, म्हणजे कीबोर्डकडे न बघता दहा बोटांनी करायच्या टायपिंगला पंधरा मिनिटं वेगळी ठेवा.

मेलबर्नकर
आणि ऑस्ट्रेलियन आवाज ऐका, नुसता बीबीसीचा नको. पीटीईत वेगवेगळे उच्चार येतात. स्पेलिंग ब्रिटिश असो वा अमेरिकन, दोन्ही चालतं. एकच धरून ठेवा.

निशिगंध
चार दिवसांनी लिहिते आहे. फोन बंद, लॅपटॉप चालू. पहिल्या दिवशी वीस वाक्यांत 'द आणि ए' च्या रकान्यात १९ रेघा होत्या, आज ८. शेवटचा 'एस' तिथेच अडकलाय: ११ होत्या, आज १०. काकांचं ओठांत म्हणणं मला जमतंय, मेलबर्नकरांची अक्षरं जमली नाहीत, मधेच वाक्य सुटतं. घाटमाथा, बातम्या बंद केल्या नाहीत, स्वयंपाक करताना ऐकते.
'एस' साठी काही खास आहे का?

लघुलिपी
एस बऱ्याचदा पुढच्या शब्दाला चिकटून येतो, 'अवर्स ड्युरिंग' म्हणताना तो दोन शब्दांच्या सांध्यात असतो. उद्याच्या वीस वाक्यांपैकी अनेकवचनी नामं असलेली दहा निवडा आणि फक्त तेवढे सांधे ऐका. शिवाय आज एस निसटला त्या दहाही ठिकाणी त्याच्या पुढचा शब्द कोणता होता, तो इथे लिहा. एकाच प्रकारच्या सांध्यात एस जातोय का ते पाहू.