रॅम ८ जीबी बसवलेली असताना वापरण्यायोग्य ५.८८ जीबीच का दिसते?

सांजवेळ:

नमस्कार. मुलीच्या अभ्यासासाठी नुकताच एक लॅपटॉप घेतला आहे. खोक्यावर आणि बिलावर ८ जीबी रॅम असे स्पष्ट छापलेले आहे. परंतु विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडले असता ‘इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी’ याच्या शेजारीच ‘५.८८ जीबी युझेबल’ असे दिसते. प्रोसेसर रायझन मालिकेतला असून वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ या पानावर मेमरी निवडली की खाली बारीक अक्षरांत ‘हार्डवेअर रिझर्व्हड २.१ जीबी’ अशी नोंद आहे. त्याच पानावर जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) निवडल्यास ‘डेडिकेटेड’ २.० जीबी आणि ‘शेअर्ड’ २.९ जीबी असे आणखी दोन आकडे दिसतात, आणि ते पाहून माझा गोंधळ अधिकच वाढला आहे. दोन जीबी तर गेलेच, आता हे २.९ जीबीही त्यातूनच जाणार का?

घरात एक जुना डेस्कटॉपही आहे. त्यात ४ जीबी रॅम आणि ३२ बिट विंडोज ७ आहे, आणि तेथे ३.२५ जीबीच वापरता येते असे दिसते. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी स्टिक (रॅमची पट्टी) खराब झाल्याचे सांगून ती बदलण्याचा सल्ला दिला. दोन्ही यंत्रांचा आजार एकच आहे की वेगवेगळा, आणि पैसे खर्च करण्याआधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तांब्याची तार:

सर्वप्रथम यंत्र बंद करून, वायर काढून, रॅमच्या स्टिक बाहेर काढाव्यात, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् असा आवाज करून बसेपर्यंत स्टिक पुन्हा घट्ट दाबाव्यात. अर्ध्याअधिक तक्रारी येथेच मिटतात. त्यानंतरही फरक पडला नाही, तर ‘एमएसकॉन्फिग’ हे विंडोजमधले सेटिंग्जचे साधन उघडून ‘बूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या मार्गाने ‘मॅक्सिमम मेमरी’ या चौकटीत खूण करावी आणि ८१९२ हा आकडा भरावा. इंटरनेटवर पुष्कळ ठिकाणी हाच उपाय दिलेला आढळतो.

रात्रपाळी:

वरच्या दोन सूचनांपैकी पहिली येथे लागू पडत नाही आणि दुसरी तर मुळीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे जरा विस्ताराने सांगतो.

विंडोज जे दोन आकडे दाखवते, ते दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात. यंत्र सुरू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, प्रत्येक स्टिकवरील एका लहानशा चिपमधून तिची क्षमता वाचून घेतो आणि त्याची नोंद एका तक्त्यात करून ठेवतो. ‘इन्स्टॉल्ड’ हा आकडा त्या तक्त्यातला असतो. ‘युझेबल’ हा आकडा मात्र बायोसने स्वतःसाठी आणि इतर भागांसाठी राखून ठेवल्यानंतर विंडोजच्या हाती प्रत्यक्ष किती मेमरी आली, ते सांगतो. स्टिक नीट बसलेली नसेल आणि बायोसला ती दिसलीच नाही, तर ‘इन्स्टॉल्ड’ हाच आकडा कमी येतो. आपल्याकडे तो पूर्ण ८.०० आहे. याला एक अपवाद आहे: स्टिकवरील चिप वाचता येते, पण मेमरीची चाचणी फसल्यामुळे बायोस ती स्टिक वापरातून वगळतो. डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असली तरी असे घडते. तेव्हा तूट सहसा अख्ख्या स्टिकएवढी असते, म्हणजे १६ पैकी ८ किंवा ८ पैकी ४. आपली तूट २.१२ जीबी आहे, आणि एवढ्या मापाची स्टिक बाजारात मिळत नाही.

मग हे २.१२ जीबी गेले कोठे? आपण स्वतःच उत्तराजवळ पोहोचला होतात: जीपीयूच्या पानावरचे ‘डेडिकेटेड २.० जीबी’ हेच ते. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर स्वतःची मेमरी असते. प्रोसेसरमध्येच सामावलेल्या ग्राफिक्सला ती नसते, म्हणून बायोस मुख्य रॅममधून एक तुकडा कापून त्याला देतो, आणि हे विंडोज सुरू होण्याआधीच घडते. त्यामुळे त्या तुकड्यावर विंडोजचा काहीही अधिकार राहत नाही. ८१९२ एमबीमधून २०४८ एमबी वजा केले की ६१४४ एमबी, म्हणजे नेमके ६ जीबी उरतात. त्यातून बायोसचे स्वतःचे तक्ते, सुरक्षेसाठी राखलेला भाग आणि तत्सम किरकोळ गोष्टींसाठी सुमारे सव्वाशे एमबी गेले की ५.८८ हा आकडा येतो. म्हणजे हिशेब तंतोतंत जुळतो आणि रॅम अस्सल व निर्दोष असल्याचेच त्यातून दिसते.

‘शेअर्ड २.९ जीबी’ या आकड्याची काळजी करू नये. ती राखून ठेवलेली मेमरी नसून कमाल मर्यादा आहे. विंडोज साधारणपणे वापरण्यायोग्य रॅमच्या निम्म्यापर्यंत मेमरी ग्राफिक्सला गरजेनुसार उसनी देते आणि काम संपले की परत घेते. ५.८८ च्या निम्मे २.९४, तोच हा आकडा. ग्राफिक्सने काही मागितले नाही, तर यातला एक एमबीही अडकून पडत नाही.

आता एमएसकॉन्फिगविषयी. ‘मॅक्सिमम मेमरी’ हे नाव फसवे आहे. ती चौकट मेमरी वाढवण्यासाठी नसून, कमी मेमरीत एखादा प्रोग्राम कसा चालतो हे तपासू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तीत भरलेल्या आकड्याच्या वरच्या पत्त्यांवर असलेली सगळी मेमरी विंडोज सोडून देते. येथे ‘पत्ता’, म्हणजे मेमरीतील प्रत्येक बाइटला दिलेला क्रमांक, या शब्दावर लक्ष द्यावे. आधुनिक यंत्रांत ४ जीबीच्या खालचा काही पत्ताप्रदेश उपकरणांसाठी मोकळा ठेवावा लागतो, म्हणून तेथली रॅम उचलून वरच्या पत्त्यांवर नेलेली असते, आणि परिणामी ८ जीबीच्या यंत्रात रॅमचा शेवटचा भाग ८ जीबीच्या पत्त्यापलीकडे जाऊ शकतो. अशा यंत्रावर ८१९२ हा आकडा भरणे म्हणजे तो पलीकडचा भाग स्वहस्ते कापून टाकणे होय. त्या चौकटीत आधीच कोणी खूण केलेली असेल, तर मात्र ती अवश्य काढावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. रॅम अचानक कमी दिसू लागल्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ तेथेच सापडते.

आपल्याला ती मेमरी परत हवी असेल, तर लॅपटॉप सुरू होताना एफ२ किंवा डिलीट कळ दाबून बायोसमध्ये जावे आणि ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ असा पर्याय आहे का ते पाहावे. इंटेलच्या यंत्रांत त्याला ‘डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड’ म्हणतात. तेथे २ जीबीऐवजी ५१२ एमबी निवडता येते. कित्येक लॅपटॉप कंपन्या हा पर्याय दडवून ठेवतात, आणि मग ग्राहकाच्या हाती फारसे काही उरत नाही. अभ्यास, ब्राउझर आणि व्हिडिओ यांसाठी ५१२ एमबी पुरेसे असतात, कारण कमी पडल्यास ‘शेअर्ड’ मेमरी मिळतेच. काही खेळ मात्र सुरू होतानाच डेडिकेटेड मेमरीचा आकडा तपासतात आणि तो लहान दिसला की चालण्यास नकार देतात किंवा चित्राचा दर्जा आपोआप उतरवतात. घरात कोणी खेळणारे असेल, तर हे ध्यानात ठेवावे.

खडूफळा:

लॅपटॉपविषयी वर जे लिहिले आहे, त्यात भर घालण्यासारखे काही नाही. डेस्कटॉपचे कारण मात्र निराळे आहे, आणि तेथेही स्टिक खराब असण्याचा संबंध नाही. खराब स्टिकमुळे यंत्र मध्येच बंद पडते, निळा पडदा येतो, फायली बिघडतात. रोज न चुकता ३.२५ असाच आकडा दिसत नाही.

३२ बिट पत्त्याने जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ बाइटना क्रमांक देता येतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. अडचण अशी की हे क्रमांक केवळ रॅमसाठी नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची चिप अशा प्रत्येक उपकरणाशी प्रोसेसर बोलतो, तेव्हा तोही याच क्रमांकांतला एखादा पट्टा वापरतो. एखाद्या सोसायटीत शंभरच घरक्रमांक ठरलेले असावेत, त्यांतले वीस कार्यालय, पंपघर आणि चौकीदाराची खोली यांना दिलेले असावेत आणि बांधलेल्या शंभर सदनिकांपैकी वीस क्रमांकावाचून राहाव्यात, तसे हे आहे. सदनिका जागेवर उभ्या आहेत, पण त्यांचा पत्ताच नसल्यामुळे तेथे टपाल पोहोचत नाही.

आपल्या डेस्कटॉपमध्ये ४०९६ पैकी ३३२८ एमबी उरले, म्हणजे ७६८ एमबीचे पत्ते उपकरणांकडे गेले. त्यांतले काही कोठे जातात, हे सहज मोजता येते. कार्डे आणि उपकरणे प्रोसेसरला जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस व्यवस्थेत २५६ बस (जोडमार्ग), प्रत्येक बसवर ३२ उपकरणे, प्रत्येक उपकरणाची ८ कार्ये आणि प्रत्येक कार्यासाठी ४ केबीची नोंदवही अशी तरतूद असते. गुणाकार केला, तर नेमके २५६ एमबी होतात, आणि स्लॉटमध्ये एकच कार्ड असले तरी एवढी जागा सहसा अडवलेली असते. ग्राफिक्स कार्डाची खिडकी, म्हणजे त्याच्या मेमरीपर्यंत पोहोचण्याचा पत्त्यांचा पट्टा, बहुधा आणखी २५६ एमबी घेते. उरलेली जागा बायोस, इंटरप्ट नियंत्रक आणि इतर लहान उपकरणांसाठी, आणि त्यांच्या मापाप्रमाणे पत्ते आखून देताना सोडलेल्या फटींमध्ये जाते.

ही कथा ३२ बिट यंत्रांपासून सुरू झालेली नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसरला २० पत्तातारा होत्या, म्हणजे १ एमबीचे पत्ते होते. त्यांतले ६४० केबी प्रोग्रामसाठी आणि वरचे ३८४ केबी पडदा व रॉम यांच्यासाठी राखलेले होते. आकडे बदलले, मांडणी तीच राहिली.

कोणी म्हणेल की १९९५ च्या पेन्टियम प्रोपासून ३२ बिट प्रोसेसरही ३६ बिट पत्ते वापरून ६४ जीबीपर्यंत पोहोचू शकत होते, मग विंडोज ७ ला ते का जमू नये? प्रोसेसरची अडचण खरोखरच नव्हती. ३२ बिट विंडोज सर्व्हर २००३ ची एंटरप्राइझ आवृत्ती ४ जीबीहून अधिक रॅम वापरत असे. घरगुती आवृत्त्यांवर मात्र मायक्रोसॉफ्टने जाणूनबुजून ४ जीबी पत्त्याची मर्यादा घातली, कारण ग्राफिक्स आणि ध्वनी कार्डांचे कित्येक ड्रायव्हर (उपकरण चालवणारे प्रोग्राम) त्यापलीकडचा पत्ता दिसताच कोसळत होते. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये तर गंमतच होती: डीईपी या सुरक्षेसाठी (डेटाच्या जागेतून प्रोग्राम चालू न देण्यासाठी) ती ३६ बिटची विस्तारित पत्तापद्धती चालू केलेली असे, पण ४ जीबीवरच्या रॅमकडे पाठ फिरवलेली असे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की रॅम बदलून काहीही साधणार नाही. ६४ बिट प्रणाली घातल्यास उरलेली रॅम मिळू शकते, मात्र त्यासाठी मदरबोर्डचा चिपसेट (प्रोसेसर, रॅम आणि उपकरणे यांना जोडणारी चिप) ती रॅम ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर नेण्यास समर्थ असला पाहिजे आणि बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ हा पर्याय असल्यास तो चालू असला पाहिजे. इंटेलच्या ९४५ मालिकेतील चिपसेटना हे जमत नाही. त्यांवर ६४ बिट प्रणाली घातली तरी आकडा ३.२५ च्या आसपासच राहतो. तेव्हा आधी चिपसेट पाहावा आणि मगच प्रणाली बदलण्याचा घाट घालावा. विंडोज ७ चे सुरक्षा अद्यतन १४ जानेवारी २०२० पासून बंद झालेले असल्यामुळे ते यंत्र इंटरनेटला जोडलेले असेल, तर बदल तसाही आवश्यकच आहे.

सांजवेळ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ हा पर्याय सापडला. तेथे ‘ऑटो’ होते, ते ५१२ एमबी केले. आता वापरण्यायोग्य रॅम ७.३८ जीबी दिसते आणि ‘शेअर्ड’ चा आकडा ३.७ झाला आहे. डेस्कटॉपचा चिपसेट ९४५ मालिकेतलाच निघाला, त्यामुळे स्टिक बदलण्याचा विचार सोडून दिला आहे. आता एकच शंका उरते. लॅपटॉपमध्ये एक स्लॉट रिकामा आहे. त्यात ८ जीबीची आणखी एक स्टिक बसवल्यास राखून ठेवलेली मेमरीही दुप्पट होईल का?

रात्रपाळी:

५१२ एमबी असे निश्चित माप निवडलेले असल्यामुळे ते तसेच राहील आणि आपल्याला १५.३ जीबीच्या आसपास वापरण्यायोग्य रॅम मिळेल. ‘ऑटो’ ठेवले असते, तर बायोसने एकूण रॅम पाहून तो तुकडा स्वतःच्या मर्जीने बदलला असता. स्टिक घेताना ती सध्याच्या स्टिकच्याच पिढीची आणि वेगाची घ्यावी. दोन स्टिक झाल्या की मेमरीचे दोन मार्ग एकाच वेळी वापरात येतात, आणि मुख्य रॅमवरच अवलंबून असलेल्या अशा ग्राफिक्सला त्याचा फायदा राखीव तुकडा मोठा करण्यापेक्षा कितीतरी अधिक होतो. बायोस अद्ययावत केल्यानंतर मात्र हा पर्याय एकदा पुन्हा तपासावा. काही यंत्रांत तो परत ‘ऑटो’ वर जातो.