मदत हवी आहे: टाकी फुल्ल केली की काटा खाली, आटली की वर

गाडी १९९८ ची टाटा ४०७ टेम्पो. बापूंनी सेकंडहँड घेतली तेव्हापासूनच डिझेल मीटर बाहेरचा बसवलेला आहे, कंपनीचा नाही. हे आधी सांगतोय, कारण घोळ इथूनच सुरू झालाय असं वाटतंय.

जुना फ्लोट (टाकीत तरंगून डिझेल किती ते मीटरला सांगणारा भाग) वर्षभर नखरे करत होता. टाकी भरलेली असताना काटा बरोबर, अर्ध्यावर आलं की धाडकन शून्य, थोडं पुढं गेलं की परत जिवंत. सीटमागची काठी बुडवून काम भागवत होतो. पण गुळाचा हंगाम लागला. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गूळ भरून गगनबावड्यामार्गे वैभववाडी, येताना चिरा. रोज काठी कोण बुडवणार? म्हणून नवा फ्लोट आणला. दुकानदारानं एवढंच विचारलं, "दांडी केवढी?" जुनी दाखवली, त्यानं त्याच मापाचा दिला. पाच स्क्रूची भोकं जुळली, वायर लागली, झालं.

टाकी फुल्ल केली तर काटा शून्याच्या जरा वर. जसं डिझेल संपेल तसा काटा चढतोय. बापू म्हणाले, "गाडी डिझेल खायची सोडून घालायला लागली काय?" हंगामात गाडी उभी करणं परवडत नाही, म्हणून ठरवलं की उलटं वाचायचं. तिसऱ्या खेपेला घाट चढून आलो, काटा फुल्लला टेकलेला. पण तो कालपासूनच तिथं होता, म्हटलं थोडं असेल. साळवणच्या अलीकडं गाडी बंद. कॅननं डिझेल आणा, स्क्रू ढिला करून हातपंप मारत एअर काढा, दीड तास गेला.

आता वायरमन म्हणतोय, फ्लोटची दांडी उलट्या बाजूनं लावून देतो, पन्नास रुपयांचं काम. लावू का? की दुसरा फ्लोट घेऊ? घेतला तर दुकानात नेमकं काय मागायचं?

प्रतिसाद: चाकोरी
आधी अर्थिंग बघा. टाकी रबरी पट्ट्यांवर बसलेली असते, वर गंज. फ्लोटच्या प्लेटवरून चॅसीला एक वायर स्वतंत्र टाका.

प्रतिसाद: धागाकर्ता
टाकली आहे दादा. फरक नाही.

प्रतिसाद: जुना_गॅरेजवाला
अर्थिंग खराब असलं तर काटा चुकीचा दाखवतो, असा पूर्ण उलटा फिरत नाही. हा ओहमचा, म्हणजे वायरीतला करंट किती अडतो त्या मापाचा, मामला आहे.

फ्लोट म्हणजे शेवटी दांडीनं फिरणारा रेझिस्टर, करंट कमी-जास्त अडवणारा. कुठल्या टोकाला किती ओहम, हे मीटरप्रमाणे बदलतं. बाहेरच्या मीटरांत दोन प्रकार नेहमी भेटतात: एक रिकाम्याला २४० आणि फुल्लला ३३, दुसरा रिकाम्याला १० आणि फुल्लला १८०. दिशाच उलटी. दांडीची लांबी आणि भोकं दोन्हींची सारखी असू शकतात, म्हणून दुकानदाराचाही दोष अर्धाच.

तुमचा मीटर कुठला ते असं ओळखा. चावी ऑन करा, फ्लोटची वायर काढून मोकळी ठेवा. काटा शून्यावर पडला तर २४०-३३ चा, फुल्लवर गेला तर १०-१८० चा. वायर क्षणभर चॅसीला टेकवली की उलट दिसलं पाहिजे. क्षणभरच, धरून ठेवू नका. मग दोन्ही फ्लोट बाहेर काढून, दांडी हातानं वर-खाली करत मल्टीमीटरनं मोजा आणि आकडे इथं टाका.

प्रतिसाद: धागाकर्ता
काका, मोजलं. वायर मोकळी केली की काटा शून्य. जुना फ्लोट: खाली २३८, वर ३४, मध्ये दोन ठिकाणी मल्टीमीटर काहीच दाखवत नाही. नवा: खाली ११, वर १७८.

प्रतिसाद: जुना_गॅरेजवाला
मग सगळं स्वच्छ आहे. जुन्याची तार मधेच घासून गेली होती, म्हणून अर्ध्यावर काटा पडायचा. नवा चांगला आहे, पण दुसऱ्या मीटरचा. तुम्ही उलटं वाचत होता ना, तिथंच फसलात: ३३ च्या खाली ओहम गेले की काटा फुल्लला टेकून राहतो. शेवटचे आठेक लिटर तुम्हाला दिसणारच नव्हते.

दांडी उलटी लावू नका. दिशा सुटेल, आकडे सुटणार नाहीत. टाकी कोरडी असताना १७८ येतील आणि तुमच्या मीटरला २४० हवेत. म्हणजे डिझेल संपलं तरी काटा थोडं शिल्लक दाखवणार. आत्ता निदान बिघाड कळतोय, तेव्हा तोही कळायचा नाही.

दुकानात "२४०-३३ चा" असं म्हणून मागा आणि पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच मोजा.

प्रतिसाद: चाकोरी
दांडीऐवजी नळीवाला घ्या की. आत तार घासत नाही, चुंबकाचा फ्लोट वर-खाली होतो, तारेचा प्रश्नच मिटला.

प्रतिसाद: जुना_गॅरेजवाला
चांगला असतो, पण टाकी आतून स्वच्छ पाहिजे. जुन्या टाकीतला गंजाचा चुरा त्या चुंबकाला चिकटतो आणि फ्लोट अडकतो. शिवाय नळीची लांबी ठरलेली, टाकीच्या खोलीपेक्षा अर्धा-एक इंच कमी हवी. टाकी उतरवून धुणार असाल तरच घ्या. आणि कुठला का असेना, खाली सिलिकॉन लावू नका, डिझेलनं सुटतं. नायट्राईल रबराचं गॅस्केट घ्या.

प्रतिसाद: धागाकर्ता
दांडीवालाच घेतला, २४०-३३. दुकानात मल्टीमीटर काढला तर पोरगं हसत होतं, पण पहिला दिलेला ४० वर अडकत होता, दुसरा घेतला. दांडी टाकीच्या खोलीप्रमाणे वाकवून तळाला आणि आतल्या पट्टीला लागत नाही हे बघितलं. रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर ओतत काट्याच्या जागा लिहून ठेवल्या. तीसला काटा अर्ध्याच्या थोडा वर, बाकी ठीक. शून्यावर टेकतो तेव्हा आत साडेचार लिटर निघालं, म्हणजे कळे गावापर्यंत पोचायला पुरे. वायरमनला आकडे दाखवले, त्यानं कागद मागून घेतला.