सिजिल्मासा ते वलाता: काफिल्याला पाणी पुरायचं कसं?

प्रश्न:
मोरोक्कोच्या ताफिलाल्त मरूद्यानात, झीझ नदीकाठी, इ.स. 757 च्या सुमारास सिजिल्मासा वसलं. तिथून सहारा ओलांडून दक्षिणेला वलातापर्यंत (आजच्या मॉरिटानियातलं व्यापारी गाव) दोन महिन्यांची वाट. एवढं पाणी उंटांवर लादलं तर माल कशावर न्यायचा?

उत्तर 1:
सगळं पाणी सोबत नसायचंच, वाट टप्प्याटप्प्यांची होती. मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता फेब्रुवारी 1352 मध्ये निघाला, तेव्हा त्याने सिजिल्मासात उंट आणि चार महिन्यांचा चारा घेतला. 25 दिवसांनी तगाझा, मिठाच्या खाणींचं गाव. घरांच्या भिंती मिठाच्या लाद्यांच्या, छपरं उंटाच्या कातड्याची, झाड औषधालाही नाही. पाणी मचूळ, तरी तेच भरून घ्यायचं, कारण पुढच्या दहा दिवसांत पाण्याचा भरवसा नाही. त्याच्या काफिल्याला पावसाची डबकी लागली, म्हणून निभावलं.
पुढे तासरहला या पाणवठ्यावर तीन दिवस मुक्काम. पखाली तिथेच दुरुस्त करायच्या, भरायच्या आणि वरून जाडंभरडं कापड शिवायचं. हे शिवणकाम टाळलं तर कोरडा वारा कातड्यातून पाणी ओढून घेतो.

उत्तर 2:
खरी मेख त्यापुढे आहे. तासरहलाहून मसूफा जमातीचा एक निरोप्या पुढे धाडत, त्याला तकशीफ म्हणत. तो व्यापाऱ्यांची पत्रं वलाताला पोचवी, मग तिथले लोक चार दिवसांची वाट चालून पाणी घेऊन सामोरे येत. ओळखीचं कुणी नसेल तर तिथल्या नावाजलेल्या व्यापाऱ्याला पत्र लिहायचं. तकशीफ वाटेत मेला तर वलाताला खबरच नाही, आणि काफिला तहानेने संपायचा. म्हणूनच इब्न बतूताच्या काफिल्याने त्याला 100 मिस्काल (सोन्याचं जुनं वजन) सोनं मोजलं. काफिल्यासोबतच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला, दुसरा अधू, तरी वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती! सातव्या रात्री सामोरे आलेल्यांच्या शेकोट्या दिसल्या.

उत्तर 3:
मालाचा हिशेब मिठावर बसायचा. उंटावर दोन लाद्या. ते एक ओझं वलाताला 8 ते 10 मिस्कालांना, तेच माली साम्राज्याच्या राजधानीत, माली शहरात, 20 ते 30 ला, कधी 40 लाही. एवढा फरक असल्यावर काही उंट पाण्याला दिले तरी परवडे.
परतीला सोनं वजनाला हलकं, पण काफिल्यांत गुलामही असत, आणि माणसांना पाणी लागतंच. 1353 मध्ये इब्न बतूता तकद्दाहून (आजच्या नायजरमधलं गाव) तुवातमार्गे (आजच्या अल्जीरियातली मरूद्यानं) परतला, त्या काफिल्यात 600 गुलाम स्त्रिया होत्या. तकद्दाला त्याने 70 दिवसांची शिधासामग्री भरली होती.